अंधाऱ्या परीकथेचं परीक्षण: तिसऱ्या खर्ड्याची नोंद

गिएर्मो देल तोरोच्या 'पॅन्स लॅबिरिंथ'वर (2006) अमेरिकन चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्टने लिहिलेला लेख समोर ठेवून मराठी परीक्षणाचा सराव चालू आहे. भाषांतर करायचं नाही, त्याची रीत मराठीत कितपत पेलते ते पाहायचं.

पहिले दोन खर्डे सुरुवातीलाच अडखळले. 1944चा स्पेन, हुकूमशहा फ्रँकोची राजवट, गिरणीत तळ ठोकलेला कॅप्टन विदाल, गरोदर आईबरोबर तिथे आलेली छोटी ओफेलिया, हे सांगण्यात 120 शब्द गेले आणि चित्रपट कसा आहे ते कळेचना. ईबर्ट निकाल पहिल्याच वाक्यात देतो: हा थोर कल्पनारम्य चित्रपटांपैकी एक, आणि तरीही युद्धाच्या वास्तवात घट्ट रुतलेला. पुढचा सगळा लेख त्या 'तरीही'चा पुरावा आहे. आता निकाल वर घेतला, पार्श्वभूमी 40 शब्दांत बसली.

क्रियापदांचा काळ बदलला. 'ती गेली, तिने दार उघडलं' असं लिहिलं की आजीची गोष्ट सुरू होते आणि पडदा विसरला जातो. 'जाते, उघडते' ठेवावं.

सर्वांत जास्त वेळ ओफेलियाच्या परीकथेतल्या, मुलं खाणाऱ्या पेल मॅनच्या प्रसंगाने घेतला. 'थरारक', 'अंगावर काटा आणणारा' अशी नऊ विशेषणं होती, सगळी काढली. त्याऐवजी जे दिसतं ते: खडूने आखलेलं दार, पदार्थांनी भरलेलं टेबल, लहान बुटांचा ढीग, तळहातात बसवलेले डोळे. ओफेलिया दोनच द्राक्षं खाते. तो आकडा हवाच, कारण एवढ्याशा चुकीची किंमत दोन पऱ्या जिवाने मोजतात. हा प्राणी टेबलाच्या टोकाशी, विदाल बसतो तसाच बसलाय, हे वाक्य आलं आणि परिच्छेद उभा राहिला.

ईबर्टचं सर्वांत मोलाचं निरीक्षण दृश्यबदलाविषयी आहे. झाडाचं खोड, भिंत किंवा नुसता काळोख कॅमेऱ्यासमोरून सरकतो. त्याआड सैनिक पुसले जातात आणि पलीकडून परीकथा उघडते. म्हणजे दोन्ही जगं एकाच चौकटीच्या कडांना राहतात. हे नुसतं पाहून टिपता येत नाही. चित्रपट थांबवत मिनिट-सेकंद, मध्ये काय आलं, कुठल्या बाजूने सरकलं आणि रंग, असे चार रकाने भरावे लागतात. (ईबर्ट स्वतः कोलोराडोतल्या बोल्डरला प्रेक्षकांसोबत चित्रपट असाच थांबवत, दिवसचे दिवस पाहायचा.) रंगाचा रकाना टाळू नये: युद्धाकडे थंड निळसर आणि सरळ रेषा, परीकथेकडे उबदार सोनेरी आणि वळणदार. छायाचित्रणाचं ऑस्कर गिएर्मो नवारोला मिळालं ते उगीच नाही.

शब्दांची अडचण वेगळीच. 'लॅबिरिंथ'ला मराठीत काय म्हणायचं? 'चक्रव्यूह' म्हटलं की अभिमन्यू आठवतो आणि शेवट आधीच फुटतो. 'भूलभुलैया' फार हलका. सध्या 'दगडी चकवा' ठेवलाय. रानात वाट चुकवणारा चकवा वाचकाच्या ओळखीचा आहे. परीकथेत ओफेलियाला कामगिऱ्या देणाऱ्या फॉनला 'राक्षस' म्हणणं सरळ चूक, कारण त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही हाच प्रश्न आहे. 'फॉन' तसंच ठेवून शिंगं आणि बोकडासारखे पाय एकदा सांगितले. फॉन आणि पेल मॅन दोघेही डग जोन्सनेच साकारलेत, हे त्याच परिच्छेदात घातलं, संशय तिथेच पक्का होतो.

जादू खरी की ओफेलियाच्या मनातली, हा परिच्छेद अजून जमलेला नाही. आईला बरं वाटावं म्हणून फॉनने दिलेली, खाटेखाली दुधात ठेवलेली जादूची मुळी विदालच्याही हाती लागते, पण फॉन त्याला दिसत नाही. चौथ्या खर्ड्यात ही दोन दृश्यं शेजारी ठेवायची, मध्ये 'कदाचित' न घालता.