सकाळी केकी मूस, दुपारी राजवाडे मंडळ

चाळीसगाव स्टेशनवर उतरलं की छायाचित्रकार केकी मूस यांचं घर जवळच आहे, रिक्षा करायची गरज नाही. धुळ्याच्या मैत्रिणीबरोबर एक दिवस काढला होता, त्यातली सकाळ या घराला दिली आणि दुपार धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयाला. तुमच्याकडेही एकच दिवस असेल तर हाच क्रम ठेवा. मूस यांचे फोटो ताज्या डोळ्यांनी बघायचे असतात. शिल्पं आणि पोथ्या दुपारी बघितल्या तरी चालतं.

मोठ्या शहरातल्या संग्रहालयासारखी तिकीट खिडकी आणि ठरलेल्या वेळा या जागांना गृहीत धरू नयेत. आदल्या दिवशी फोन करून वेळ आणि सुटीचा वार विचारा, आणि आत फोटो काढता येतात का तेही तेव्हाच विचारून टाका.

केकी मूस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1912 चा. हा पारशी कलावंत इंग्लंडमध्ये कला शिकून आला आणि चाळीसगावच्या या घरात राहिला. पुढची कितीतरी दशकं तो घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. 31 डिसेंबर 1989 ला तो गेला. रोज रात्री पंजाब मेलची वाट बघत त्याने दार उघडं ठेवल्याची गोष्ट गावात कुणीही सांगेल. ती जरूर ऐका, पण ऐकण्यात सकाळ घालवू नका. खरी दौलत भिंतींवर आहे.

त्यातले टेबल-टॉप फोटो आधी बघा. टेबलावर वीत-दोन वीत देखावा मांडायचा आणि तो खऱ्या रानासारखा, खऱ्या गावासारखा दिसेल असा टिपायचा, हे ते तंत्र. वाटतं तेवढं ते सोपं नाही. वस्तू कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ असली की पुढचं स्पष्ट येतं आणि मागचं पुसट होतं, आणि तिथेच खेळण्याचा संशय येतो. म्हणून भिंगाचं छिद्र अगदी बारीक करावं लागतं. छिद्र बारीक केलं की उजेड कमी येतो, त्यामुळे भिंग जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात काडीसुद्धा हलून चालत नाही. उजेडाचंही तसंच. सूर्य एक, म्हणून सावली एकाच दिशेला पडली पाहिजे. दुसऱ्या दिव्याची सावली दिसली की सोंग उघडं पडतं. जमिनीला साधी वाळू वापरली तर तिचा कण त्या मापात धोंड्याएवढा दिसतो.

त्यामुळे बघतानाही आधी सावल्या बघा, मग पायाशी असलेली जमीन, आणि शेवटी क्षितिज. मैत्रीण एका फोटोपुढे बराच वेळ थांबली आणि म्हणाली, ‘हाई चित्र शे का फोटू?’ या प्रश्नापर्यंत पोचायला प्रत्येक फोटोला दोन मिनिटं तरी लागतात. दोघं असाल तर एकाने दोन फुटांवर आणि दुसऱ्याने आठ-दहा फुटांवर उभं राहावं, मग जागा बदलाव्यात. जवळून कारागिरी कळते, लांबून देखावा जमतो. अंगात गडद रंगाचे कपडे असू द्या. पांढरा सदरा काचेत उमटतो आणि फोटोतला काळोख खाऊन टाकतो. चित्रं, मातीकाम, लाकूडकाम यांसाठी उरलेला तास पुरतो.

धुळं इथून सुमारे 55 किलोमीटर आहे. चाळीसगाव–धुळे रेल्वे आहे, पण गाड्या मोजक्याच, वेळ जुळली तरच तिच्या भरवशावर राहा. एरवी एसटी बरी, दीड तास धरून चालायचं. जेवण धुळ्यात. शेवभाजी खायचीच, पण तिची तर्री पोटभर ओरपून संग्रहालयात गेलात तर पहिल्याच मूर्तीपुढे डोळे मिटायला लागतील. अर्धी प्लेट आणि ताक पुरे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. मूस यांच्या मृत्यूचीही तारीख तीच, हे मला धुळ्यात आल्यावर लक्षात आलं.

इथली दगडी शिल्पं समोरून बघून पुढे सरकू नका. बाजूला जाऊन पाठ बघा. पाठ ओबडधोबड सोडलेली असेल तर मूर्ती बहुधा भिंतीत किंवा कोनाड्यात बसवलेली होती. चारी बाजूंनी घडवलेली असेल तर तिच्याभोवती फिरता येत असावं. कोरीव काम समोरच्या उजेडात सपाट दिसतं, तिरप्या उजेडात उठून येतं. म्हणून खिडकीकडची बाजू आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असं उभं राहायचं.

हस्तलिखितांना मात्र सावकाश वेळ द्या. काजळाची शाई कागदात फारशी मुरत नाही, वरच बसते, म्हणून ओल लागली की फिसकटते. पानाला बोट लावायचं नाही, जवळ पाण्याची बाटली उघडायची नाही, टिपणं पेन्सिलीने घ्यायची. ओळीत मध्येच पिवळा पट्टा दिसला तर थांबा. तो हरताळ. चुकलेलं अक्षर झाकायला लेखक त्यावर हे पिवळं खनिज फासत आणि वर नवीन अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. हरताळात सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष असतं, म्हणून कीडही त्याच्या वाटेला जात नाही. काही पानांवर पट्ट्याखालचं जुनं अक्षर पुसट दिसतं. ते वाचायचं असेल तर मान तिरकी करून बघा, पान हलवायला सांगू नका.

धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर हे हस्तलिखितांचं संग्रहालय आहे. समर्थ रामदासांच्या हातचं वाल्मीकी रामायण तिथे जपलेलं आहे. त्याच संध्याकाळी ते उरकायचा मोह होतो, पण तोवर डोळे थकलेले असतात. धुळ्यात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जा.