न पडलेलं झाड

निबंधाच्या दुसऱ्याच पानावर मी ठोकून दिलं होतं, 'जंगलात झाड पडलं आणि ऐकायला कोणीच नसेल तर आवाज होतो का, हा प्रश्न आयरिश तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कलीने १७१० मध्ये विचारला.' मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला, 'कुठे?'

मला आधी वाटलं, जंगल कुठलं असं विचारतायत. (हसू नका. निबंध रात्री दोनला संपवला होता.)

या सत्रात आम्हाला संशोधनपद्धती आणि सत्ताशास्त्र असे दोन विषय शेजारीशेजारी आलेत. पहिल्यात तळटीप कशी द्यायची, संदर्भसूचीत आडनाव आधी की नाव आधी, असली कारकुनी. दुसऱ्यात खरं काय, भास काय, आपण नसतो तेव्हा जग असतं का. दुसऱ्यावर आम्ही तासनतास भांडतो, पहिल्याच्या तासाला मागच्या बाकावर डुलक्या काढतो. वह्याही मी वेगळ्या केल्या होत्या. सत्ताशास्त्राची जाड, संशोधनपद्धतीची जुन्या वहीची उरलेली पानं.

तर, कुठे? मी शोधायला बसले. अकरा टॅब उघडले. अकराही ठिकाणी झाड बर्कलीच्याच नावावर पडलेलं. पण एकानेही पान दिलेलं नाही. कुणी आणखी कुणाकडे बोट दाखवतंय, कुणी 'प्रसिद्धच आहे' म्हणून मोकळं होतंय. आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण (प्रमाण म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधन), ही न्यायसूत्रातली व्याख्या मला परीक्षेपुरती पाठ होती. ज्याला ती गोष्ट माहीत आहे आणि जो ती आहे तशी सांगतो, तो आप्त. माझ्या अकरा टॅबांत असा एकही नव्हता. सगळे माझेच भाऊबंद, सांगोवांगी सांगणारे. गंमत म्हणजे बर्कलीचं मूळ म्हणणं, असणं म्हणजे अनुभवलं जाणं, हे जगाला लागू असो नसो, या वाक्याला चपखल लागू होत होतं. लोक बघत होते म्हणूनच ते होतं.

मग बर्कलीच्या १७१० मधल्या मूळ पुस्तकाचं स्कॅन मिळालं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली छपाई, पिवळट पानं, समासात कुणाच्या तरी बोटांचे डाग. शोधपट्टीत 'साउंड' टाकलं. एकही निकाल नाही. काम झालं म्हणून मी उड्या मारत मॅडमकडे गेले. 'मॅडम, बर्कली आवाजाबद्दल या पुस्तकात बोलतच नाही.'

'तू वाचलंस?'

'शोधलं.'

त्यांनी माझा लॅपटॉप ओढून घेतला, सुरुवातीची थोडी पानं सरकवली आणि तिसऱ्या परिच्छेदातल्या एका शब्दावर नख ठेवलं. 'वाच.'

'फाउंड.'

'नीट वाच.'

पान मोठं केलं. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारा एस लांब काढत. दिसायला थेट एफ, फक्त आडवी दांडी अर्धवट, तीही डाव्याच बाजूला. मी 'फाउंड' वाचलं, मशीननेही तेच वाचलं होतं. होतं मात्र 'साउंड'. आणि वाक्य कुठलं? आवाज होता, म्हणजे तो ऐकला गेला, अशा अर्थाचं! ज्या पुस्तकात आवाजाचा पत्ता नाही म्हणून मी नाचत आले होते, त्याच्या तिसऱ्याच परिच्छेदात नेमका आवाज बसला होता. दोरीला साप समजण्याचा दाखला आमच्या डोक्यात इतका भिनलाय की आता त्याची दोरीही दिसत नाही. पण त्यात चूक नेहमी माणसाची असते. यंत्रालाही साप दिसतो आणि ते अजिबात घाबरत नाही, म्हणून आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो, हे मला सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जाड वही उघडली. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती हे भारतीय दर्शनांतले दोन पंथ सहावं प्रमाण मानतात, अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं. जमिनीवर घडा नाही हे कशाने कळतं? डोळ्यांना 'नसणं' दिसत नाही, तिथे फक्त जमीन दिसते. घडा न दिसणं हेच त्याच्या नसण्याचं ज्ञान देतं. वर्गात मला हा नुसता शब्दच्छल वाटला होता. घडा नाही, संपलं, त्याला वेगळं प्रमाण कशाला? पण त्याला एक अट आहे, आणि वहीत मी ती लाल शाईत लिहून पुढे निघून गेले होते. ही अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत डोकावून 'घडा दिसला नाही' म्हणालात, तर तुम्हाला फक्त अंधाराबद्दल कळलं.

माझी शोधपट्टी म्हणजे अंधारी खोली होती.

संशोधनपद्धतीच्या तासाला यातलं काही कुणी सांगत नाही. तिथे 'शोधसंज्ञा काळजीपूर्वक निवडाव्यात' असा एक मुद्दा असतो, तो आपण उतरवून घेतो आणि विसरतो. हजारेक वर्षांपूर्वी मंडळी रिकाम्या जमिनीवरून इतकी का भांडत होती, ते आत्ता कुठे कळलं. 'सापडलं नाही' आणि 'नाही' यांच्यामधली जागा केवढी मोठी आहे!

मग सरळ पुस्तक वाचलं. १५६ छोटे परिच्छेद, तीन रात्री. अवघड आहे, पण त्याच्याबद्दल लिहिणाऱ्यांइतकं नाही. तेविसाव्या परिच्छेदात झाडं भेटली. बागेतली झाडं, कपाटातली पुस्तकं, आसपास बघणारं कोणी नाही, अशी कल्पना सहज करता येते की, असं प्रतिपक्ष म्हणतो. बर्कलीचं उत्तर, ती कल्पना करताना तूच तर त्यांच्यासमोर उभा आहेस! त्याच्याच १७१३ च्या दुसऱ्या पुस्तकातल्या संवादांत पुन्हा एकाकी जागेतलं झाड येतं. आवाज म्हणजे हवेचं कंपन की कानाची संवेदना, हा वादही त्याच संवादांत आहे. म्हणजे झाड आहे, आवाज आहे, एकांत आहे. झाड तेवढं पडत नाही. शिवाय त्याच्या मते ईश्वर सगळं कायम बघतोच आहे, त्यामुळे त्याच्या जंगलात प्रेक्षकांची कधी वानवाच नव्हती.

पडणारं झाड मला सापडलं ते १८८३ च्या एका अमेरिकन मासिकात. तिथे ते जंगलातही नाही, निर्मनुष्य बेटावर आहे. बर्कली जाऊन तेव्हा १३० वर्षं झाली होती.

ही सवय आता जात नाही. इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनने १७६३ मध्ये दगडाला जोरात लाथ मारून 'हे घ्या बर्कलीचं खंडन' म्हटल्याचा किस्सा वर्गात कुणी ना कुणी सांगतंच. मला तो आवडतो, जरी लाथ मारल्यावर पायाला लागणं हाही अनुभवच असला तरी. पण परवा ऐकताना पहिल्यांदा मनात आलं, सांगतंय कोण? जॉन्सनचा चरित्रकार बॉसवेल. स्वतः तिथे हजर होता, म्हणजे आप्त म्हणायला हरकत नाही. पण छापलं १७९१ मध्ये. २८ वर्षं मध्ये गेली. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, 'तू आता लग्नपत्रिकेलाही तळटीप मागशील.'

निबंध पुन्हा लिहिला. ते वाक्य काढून दुसरं घातलं, 'हा प्रश्न बर्कलीचा नाही.' अभिमानाने दिला. परत आला तेव्हा त्याच जागी, त्याच पेन्सिलीने, 'कशावरून?'

आता तळटीप वाक्याच्या पाचपट झाली आहे. कुठली छपाई पाहिली, शब्द कुठल्या दोन रूपांत शोधला, कुठली दोन पुस्तकं अथपासून इतिपर्यंत वाचली, सगळं तिच्यात आहे. आणि वाक्यही बदललंय, 'या दोन पुस्तकांत हा प्रश्न आढळत नाही.' बर्कलीची पत्रं वाचलेली नाहीत, हेही लिहून टाकलं. पत्रांचा खंड ग्रंथालयातून आणलाय. टेबलावर आहे, अजून उघडलेला नाही.