सातचा भोंगा आणि माझा मोबाइल

लग्न विट्याला होतं. त्याबद्दल एवढंच सांगते की मांडवात पंखे कमी आणि डीजेच्या भिंती जास्त होत्या. परत निघताना मैत्रीण हटून बसली, "माझ्या सासरी चल, मोहित्यांच्या वडगावला." सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं गाव. हंगाम चालू, त्यामुळे निम्मा रस्ता उसाच्या ट्रॉलीमागे सरपटत काढला.

चहा होईतो सात वाजले आणि देवळावरचा भोंगा वाजला. मी ऑफिसच्या मेलला उत्तर लिहीत होते. मैत्रिणीच्या सासूबाई आतून आल्या, त्यांनी टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ठिवा की ताई आता. साडेआठला घ्या परत." राग आला, खोटं कशाला बोलू? पाहुण्याला तरी सूट हवी की नको!

नियम मला ठाऊक होता, बातम्यांत वाचला होता. संध्याकाळी सात ते साडेआठ घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, 2022च्या 15 ऑगस्टपासून. कोविडात शाळा मोबाइलवर आली, मग शाळा पुन्हा भरली तरी पोरांच्या हातातला मोबाइल सुटेना, म्हणून ग्रामपंचायतीने हे काढलं. वाचताना मला ते सरपंचांचं फॅड वाटलं होतं. अशा योजनांचं आयुष्य फलकावरचा रंग उडेपर्यंत असतं, हे माझं मत अजूनही आहे.

पण सासूबाई लसूण सोलता सोलता जे बोलल्या ते बातमीपेक्षा जास्त पटलं. "आधी आमा बायकांना इचारलं. मालिका तर आमीच बघत हुतो. मग पोरांना कुठल्या तोंडानं बोलायचं?" गडीमाणसं आधी हसली म्हणे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असं ग्रामपंचायतीच्या कायद्यातच आहे. माझ्या माहेरच्या गावात ती रजिस्टरवरच्या सह्यांपुरती भरते. इथे तिने घरातला रिमोट हातात घेतला. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीच्या बाई, निवृत्त गुरुजी दारोदार फिरून आठवण करायचे. शेजारची बाई दारात उभी राहून "झालं का बंद?" म्हणते, तेव्हा माणूस ओशाळतो. नुसत्या भोंग्याला कोण भीक घालतं?

सोप्यात तोवर पोरं दप्तरं घेऊन बसली होती, दोन शेजारच्या घरातली. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असला तर अभ्यासाला बसायचं कुठे, हा प्रश्न माझ्या फ्लॅटमध्ये मला कधी पडलाच नव्हता. एका मुलीने माझ्यापुढे अपूर्णांक टाकले. मेल राहिला तो राहिलाच.

खरा वैताग बाहेर होता. कुठूनशी आलेली दोन पोरं काठीला मोबाइल लावून गल्लीत रील करत होती. मोबाइलबंदीचं चित्रीकरण, तेही बंदीच्या वेळेत! एका आजोबांनी त्यांना "आरं, साडेआठनंतर या" असं सांगितलं, तर त्यांनी आजोबांनाच कॅमेऱ्यात घेतलं. गाव नावाजलं की पाहुण्यांचा हा ताप सोसावा लागतो. मीही त्यातलीच एक, म्हणून गप्प बसले.

साडेआठला पुन्हा भोंगा झाला आणि सासूबाईंनी सगळ्यात आधी टीव्ही लावला. बुडालेला भाग रात्री परत दाखवतात म्हणे. त्यांची ही व्यवहारी तडजोड मला फार आवडली.

दुसऱ्या दिवशी सागरेश्वर अभयारण्य पाहिलं. उघड्या डोंगरांवर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं जंगल. हरणं दिसली, ऊन फार होतं.

घरी आल्यावर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे सांगितलं. निदान परीक्षेच्या महिन्यात, निदान एक तास करू या म्हटलं. त्यांना कल्पना एकदम पसंत पडली. म्हणाले, "उत्तम! आज संध्याकाळी सातलाच व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाकतो, त्या वेळी सगळे ऑनलाइन असतात."