लिफ्ट उचलत नाही, पंप बदलू का?

जुन्या ट्रॅक्टरवर काम करणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. लिफ्ट म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे तेलाच्या दाबावर अवजार उचलणारी यंत्रणा. "इंजिन छान चालू केलंय, पण लिफ्ट उचलत नाही, किंवा उचलते आणि लगेच खाली बसते. नवा पंप टाकू का?" तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पंपाला इतक्यात हात लावू नका. आधी तेल कुठे जातंय ते शोधा. तेल पंपापर्यंत पोचत नसेल, किंवा पंपातून निघून सिलेंडरमध्ये टिकत नसेल, तर मधल्या कुठल्यातरी वाटेने ते परत हाउसिंगमध्ये, म्हणजे लिफ्टच्या लोखंडी खोक्यात, पडतंय. ती वाट सापडली की दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओ-रिंगची (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याची) किंवा पिस्टन रिंगची निघते.

मी ज्या यंत्रणेबद्दल बोलतोय ती फर्गसनची. आयरिश अभियंते हॅरी फर्गसन यांनी १९२६ मध्ये तिचं पेटंट मिळवलं आणि इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत १९४६ पासून बनलेल्या टीई-२० ट्रॅक्टरमुळे ती जगभर गेली. नांगर कठीण मातीत शिरला की टॉप लिंक (अवजाराला ट्रॅक्टरशी जोडणारा वरचा दांडा) पुढे दाबली जाते, तिच्यामागची स्प्रिंग दबते, ती हालचाल कंट्रोल व्हॉल्व्हपर्यंत पोचते आणि लिफ्ट नांगराला किंचित वर घेते. नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि सव्वा टनाच्या आतला ट्रॅक्टर चाकं न घसरवता ओढत राहतो. एवढी सुंदर गोष्ट लोखंडाच्या त्या खोक्यात दडलेली आहे. म्हणूनच "दुसऱ्या ट्रॅक्टरचा पंप बाहेर लावा आणि मोकळे व्हा" असा सल्ला कोणी दिला की मला वाईट वाटतं. तसं केलं तर नांगर वर उचलला जाईल, पण मातीशी चाललेलं त्याचं बोलणं कायमचं बंद होईल.

आता तपासणी. टीई-२० मध्ये पंप पीटीओच्या, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या, शाफ्टवर चालतो. पीटीओचा दांडा अडकवला नसेल तर लिफ्ट उचलणारच नाही, आणि क्लच दाबलात की पंपही थांबतो. दुसरं असं की या मॉडेलला पोझिशन कंट्रोल नाही. रिकामं अवजार मधल्याच उंचीवर धरून ठेवणं हे तिचं कामच नव्हे. त्यासाठी लोक साखळ्या वापरत. यातलं काहीही बिघाड नाही, तरी एवढ्यावरून पंप उघडलेले ट्रॅक्टर मी पाहिलेत.

मग तेल. फर्गसनमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं, त्यामुळे गिअरची झिज, बुडाला साचलेला गाळ, गिअरच्या दांड्यावरच्या फाटक्या रबरी टोपीतून गेलेलं पावसाचं पाणी, सगळं पंपाच्या वाट्याला येतं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ते काढा, खालचा गाळ पुसून घ्या, चाळणी धुवा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच तेल भरा. एवढ्यानेच लिफ्ट पुन्हा उचलू लागली, असं पुष्कळदा होतं.

तरीही अडलं, तर वजनदार अवजार लावा, पूर्ण उचला आणि लिफ्टच्या हातांकडे, म्हणजे अवजार धरणाऱ्या दांड्यांकडे, नीट बघा. इंजिन चालू असताना ते मान डोलावल्यासारखे खाली-वर होत असतील, तर पंप ठीक आहे: सिलेंडरकडून तेल झिरपतंय आणि पंप ते पुन्हा पुन्हा भरून काढतोय. इंजिन बंद करताच अवजार सरसर खाली आलं, तर पिस्टन रिंग, सिलेंडरचा जोड किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्याकडे बघा. वर जातानाच झटके देत असेल, तर पंपाच्या चार पिस्टनांपैकी एखाद्याचा व्हॉल्व्ह नीट बसत नसावा. आणि थंड असताना उचलून तापल्यावर लिफ्ट दमत असेल, तर पातळ झालेलं तेल झिजलेल्या भागांतून निसटतंय. पंपाचा संशय घ्यायचा तो इथे.

ही चाचणी करताना अवजाराखाली जाऊ नका. ते फक्त कोंडलेल्या तेलावर उभं असतं, आणि ते तेल टिकतंय की नाही हेच तर आपण तपासतोय. बाहेरच्या नळीला बारीक छिद्र पडल्याचा संशय असेल तर हात फिरवून बघू नका, पुठ्ठा धरा. साधारण १०० पीएसआय (दर चौरस इंचाला १०० पौंड) दाबाची तेलाची धार कातडी भेदू शकते, आणि लिफ्टमधला दाब त्याच्या कितीतरी पट असतो. तशी जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची जखम असते. दुखत नाही म्हणून घरी थांबायचं नाही.

वरचं कव्हर उघडायची वेळ आलीच, तर आधी लिफ्टचे हात पूर्ण खाली घ्या. कव्हर जड असतं, चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) लावा. उघडल्याबरोबर हाउसिंगचं तोंड स्वच्छ कापडाने बुजवा, मगच जुनं गॅस्केट (जोडातली पातळ पट्टी) खरवडा. नाहीतर त्याचे तुकडे तळाशी पडून चाळणीत जाऊन बसतात.

सिलेंडरमध्ये बोट घाला आणि नख आडवं न धरता वरून खाली न्या, मग तेच नख गोल फिरवा. गोल फिरवताना कुठे अडलं तर तिथे उभी चरी आहे. नुसत्या नव्या रिंगांनी तिचं काही होणार नाही, होनिंग (आतून बारीक घासून गुळगुळीत करणं) तरी करा नाहीतर सिलेंडर बदला. कंट्रोल व्हॉल्व्ह तेल लावून स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडकत असेल तर वाळलेला चिकटा धुऊन काढा. पॉलिश पेपर मात्र त्याला लावू नका. त्याच्या आणि भोकाच्या मधली जागा इतकी बारीक असते की एकदा घासला गेला की तेल तिथूनच जायला लागतं.

ओ-रिंग तेलात बुडवून, पीळ न पडू देता बसवा. काठाला धार असेल तर रबराची बारीक सालपट निघते, बाहेरून काहीच दिसत नाही आणि आठवड्याभरात लिफ्ट पुन्हा डोलायला लागते. कव्हर परत ठेवताना कंट्रोलचा काटा व्हॉल्व्हवर बरोबर बसला का, हे बाजूचं झाकण काढून बॅटरीच्या उजेडात बघा. हे न बघता बोल्ट आवळले की नवे सुटे भाग घालूनही लिफ्ट ढिम्म हलत नाही.

सुरुवातीला हलकंच अवजार लावून दहा-बारा वेळा वर-खाली करा, हवा निघून जाते. तेलाची पातळी नंतर पुन्हा बघा, ती उतरलेली असते. आणि काही तास काम झालं की चाळणी एकदा परत काढून धुवा. आत सैल झालेला सगळा जुना गाळ तोवर तिथे येऊन थांबलेला असतो.