लाइट गेली की बँड उघडतो

मे महिन्यात जळगावला भर दुपारी लाइट गेली की अख्ख्या गल्लीतून एकच शिवी निघते. परवा गेली आणि मी चक्क खूश झालो. बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

टेबलावर माझा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोक एकमेकांशी बोलतात त्या रेडिओचा, नवा सेट आयकॉम ७३०० बॅटरीवर सुरू होता. पडद्यावरचा सात मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे आमचा बँड, क्षणात निळाशार, शांत झाला. एरवी त्यावर विजेच्या उपकरणांच्या खरखरीची, उभ्या रेघांची नुसती जाळी असते. कुणाचा एलईडी बल्ब, कुणाचा चार्जर, कुणाच्या गच्चीवरचं सोलर. ग्रिडला जोडलेलं सोलरही लाइटीबरोबर बंद पडतं, हे आमच्या हॅम लोकांच्या पथ्यावरच पडलं म्हणायचं. ज्याच्याकडे बॅटरीवाला इन्व्हर्टर, त्याची रेघ तेवढी उरते. म्हणजे घरात बसून कुणाकडे काय चालू आहे ते कळतं. चांगली गोष्ट नाही ही, पण कळतं.

आधीचा सेट हाताने जुळवलेला बिटएक्स होता. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी दिलेलं डिझाइन, कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर, ताकद सहा वॉट. त्याला पडदाबिडदा काही नाही. उन्हं चढली की फ्रीक्वेन्सी धरून ठेवणारा ऑसिलेटर तापून सरकायचा आणि समोरच्याचा आवाज हळूहळू बदकासारखा व्हायचा. मग बोलता बोलता नॉबला बोट लावून त्याला परत माणसात आणायचं. ते बोटाला इतकं सवयीचं झालं होतं की नव्या सेटवरही बोट आपोआप नॉबकडे जातं. इथे काहीच सरकत नाही. बोट तसंच बसून राहतं.

सेटिंगांचं सांगायचं तर प्रीअँप, म्हणजे येणारा सिग्नल वाढवणारा भाग, सात मेगाहर्ट्झवर बंदच बरा. आधीच बाहेर गोंधळ इतका, तो वाढवून घ्यायचा कशाला? नॉइज ब्लँकर मात्र कामाचा. शेताला रानडुकरांसाठी झटका मशीन लावतात ना, तिची सेकंदाला एक टकटक तो साफ गिळतो. नॉइज रिडक्शन जास्त वाढवलं की खरखर जाते खरी, पण बोलणाराही हौदात उतरून बोलतोय असं वाटतं. मागचा कुकर, अंगणातला कोकीळ, सगळं पुसलं जातं. मी ते बंद ठेवतो. नुसता माणूस ऐकून काय करू?

आणखी एक खोड आहे. संध्याकाळी मी पडद्यावर गमछा टाकतो आणि नुसत्या कानानं शोधतो. वॉटरफॉलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या त्या सरकत्या चित्रात, जिथे रेघ चमकते तिथेच बोट जातं, मधली मोकळी जागा कुणी फिरतच नाही. आणि बारीक आवाज असतात ते तिथेच, त्या मोकळ्या वाटणाऱ्या जागेत.

हे तावातावानं लिहिलं खरं, पण अमळनेरजवळच्या गावी नानांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आठवला आणि मीच अडखळलो. ओसरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी, तोच अँटेना. बटण दाबलं की आधी गुणगुण, मग बऱ्याच वेळानं आवाज. नॉब फक्त नानांनी फिरवायचा. बुधवारी रेडिओ सिलोन लागायचं, ते मध्येच दूर जायचं, परत यायचं, आणि नाना श्वास रोखून केसभर नॉब हलवायचे. त्या रेडिओला वर एक हिरवा डोळा होता. स्टेशन बरोबर लागलं की त्याच्यातली काळी फट मिटत जायची. आजी त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर सारखा करायची. ‘हाऊ डोया मनाकडे देखस,’ म्हणायची. आणि नाना कानानं नाही, त्या डोळ्याकडे पाहूनच स्टेशन लावायचे! आमच्यातला सगळ्यात मोठा कानसेन म्हणून मी त्यांचंच नाव सांगत आलोय.

तेव्हा गमछ्याचं काय ते पुन्हा ठरवावं लागेल.

मॅन्युअल अजून अर्धंही झालेलं नाही. काल बायको चहा ठेवून जाताना थांबली. स्पीकरमधून नाशिकचे, इंदूरचे, नेहमीचेच दोघं-तिघं बोलत होते, पाऊस कधी येणार वगैरे.

‘एवढा शंभर वॉटचा आणला, आणि माणसं तीच?’

माणसं तीच. मेन्यूत त्याचं सेटिंग दिसलं नाही.