तीन राऊंड कॉफी

आज इस्रायलमधल्या अश्दोदला शेजारच्या इथिओपियन आजींकडे गेले होते, कॉफीच्या बिया तव्यावर भाजत होता नातू आणि आजी बसल्या बसल्या त्याच्या चुका काढत होत्या, आणि एका कपावर सुटका नाहीच, तीन राऊंड 😄

आजी १९९१ ला ऑपरेशन सॉलोमनमध्ये आल्या, म्हणजे इथिओपियातल्या ज्यूंना विमानांनी इस्रायलला आणलं तेव्हा. तिकडे पाळी आली की गावाच्या कडेला वेगळी झोपडी, बाळंतीण झाली तर मुलाला ४० दिवस, मुलीला ८०! (डबल शिक्षा मुलीचीच, अर्थात.) इथे फ्लॅटमध्ये कसली झोपडी, उलट क्लीनिंगच्या कामाला जायचं आणि पगार स्वतःच्या खात्यात, आजोबांना जाम झोंबलं म्हणे. नात आर्मी करून आली, पण तिची आई अजूनही त्या दिवसांत स्वयंपाकाला हात लावत नाही, नवरा करतो. आवडीने का नाइलाजाने ते काय मी विचारलं नाही.