दहा मिनिटांची टेस्ट आणि चार दिवसांची खिडकी : माझा अनुभव

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कांजूरला एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. मामाला क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला बुरशीची लागण झाली होती, त्या आजारपणात जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहितोय, आणि डोक्यातून अजून ती हॉस्पिटलच्या लॅबची खिडकी जात नाही म्हणून लिहितोय.

मामा माझा सख्खा, वय 46, एचआयव्ही आहे हे घरात तिघांनाच माहीत. सात-आठ वर्षं एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या, गोळ्या नीट घेत होता. मग कंपनी बंद पडली, गावी गेला, परत आला, आणि "मला काय होतंय, ठणठणीत तर आहे" म्हणून दोन वर्षं गोळ्या सोडल्या. आम्हाला पत्ता नाही.

2025 च्या जुलैत त्याचं डोकं दुखायला लागलं. तीन आठवडे दुखत होतं. आम्ही काय केलं? बाम लावला, चष्म्याचा नंबर तपासून आणला (हो, मीच नेला, लाज वाटते), नाक्यावरच्या डॉक्टरांनी सायनस म्हणून गोळ्या दिल्या. संध्याकाळी बारीक ताप यायचा. मान आखडली नव्हती, त्यामुळे मेंदूकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. नंतर वॉर्डात कळलं की या आजारात मान आखडलीच पाहिजे असं काही नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती पार खाली गेलेली असते त्यांच्यात नुसतं डोकं दुखणं, उलट्या, उजेड सहन न होणं, एवढंच असू शकतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या तेव्हा मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं, सिटी स्कॅन नॉर्मल, अॅडमिट केलं, आणि सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, आला 41, फारच कमी. हे सगळं दीड दिवसात झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

बुधवारी रात्री रेसिडेंट डॉक्टरांनी मणक्यातलं पाणी काढलं. म्हणाले, आपल्याकडे पहिला संशय टीबीचा असतो त्यामुळे टीबी शोधणाऱ्या सीबीनॅट टेस्टला पाठवतोय, बुरशीसाठी इंडिया इंक टेस्ट करतोय, आणि बुरशीची एक अँटिजेन टेस्ट पण लिहितोय, ती सकाळी तुम्हाला लॅबच्या खिडकीवर द्यावी लागेल. बुरशी म्हटल्यावर मला पावावर येते ती आठवली. मेंदूवर बुरशी?

गुरुवार, 14 ऑगस्ट. बल्ब (मणक्यातल्या पाण्याच्या नमुन्याची छोटी बाटली) आणि फॉर्म घेऊन मी सव्वाअकराला लाइनीत. पुढे सतरा माणसं. नंबर आला तेव्हा साडेबारा वाजले होते. आता गंमत बघा, फॉर्मवर तपासण्यांची छापील यादी आहे, चौकटीत टिक करायची, पण या टेस्टची चौकटच नाही. खाली "इतर" म्हणून दोन बोटं जागा. तिथे डॉक्टरांनी इंग्रजीत शॉर्टमध्ये लिहिलेलं, वॉर्डात सगळे जिला क्रॅग (CrAg, क्रिप्टोकॉकल अँटिजेन) म्हणतात ते. खिडकीतल्या माणसाने पहिली दोन अक्षरं वाचली आणि म्हणाला, "क्रिएटिनिन पाण्यावर होत नाय, रक्त आणा." मी म्हटलं साहेब ही किडनीची क्रिएटिनिन नाही, बुरशीची आहे. "मग तसं लिहून आणा. आणि युनिटचा शिक्का कुठाय? एआरटी नंबर कुठाय?" आणि मग माझ्या मागच्या सगळ्या लाइनीला ऐकू जाईल अशा आवाजात, "एचआयव्हीचा पेशंट आहे ना?"

माझ्या मागे उभी असलेली बाई आमच्याच बाजूच्या बेडवाल्यांची होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी आपली पाण्याची बाटली आमच्या टेबलावरून उचलली. तेव्हा मला माहीत नव्हतं, पण 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि माणसाच्या संमतीशिवाय त्याचं स्टेटस असं उघड करता येत नाही. माहीत असतं तर तिथेच बोललो असतो. की नसतो बोललो, कारण बल्ब त्याच्या हातात होता.

परत चौथा मजला, लिफ्ट फक्त स्ट्रेचरला. डॉक्टर प्रोसिजरमध्ये, शिक्का सिस्टर इन-चार्जच्या ड्रॉवरमध्ये, सिस्टर जेवायला. सगळं गोळा करून खाली आलो तर दोन वाजून दहा मिनिटं, आणि खिडकीवर पुठ्ठा लावलेला : विशेष तपासण्या 1 पर्यंत. बाजूच्या दारातून हातापाया पडून बल्ब आत दिला. आतल्या मॅडमनी फॉर्म वाचला, पहिल्यांदा कोणीतरी तो नीट वाचला, आणि शांतपणे म्हणाल्या, "हिचं किट संपलंय. सोमवारी या."

सोमवारी! कारण शुक्रवारी 15 ऑगस्ट, शनिवारी दहीहंडी, रविवार तर रविवारच.

ते तीन दिवस मी विसरणार नाही. खाली रस्त्यावर "गोविंदा आला रे" चालू, आणि वर मामा डोक्याला टॉवेल घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून पडलेला. इंडिया इंक निगेटिव्ह आली, मी खूश झालो, आईला फोन करून सांगितलं बुरशी नाहीये. चूक. इंडिया इंक म्हणजे खरंच काळी शाई, त्यात पाण्याचा थेंब मिसळून मायक्रोस्कोपखाली बघतात, जंतूभोवतीचं जाड कवच काळ्यावर पांढऱ्या वलयासारखं दिसतं. दिसलं तर आहेच, पण नाही दिसलं म्हणजे नाही असं नसतं, बऱ्याच पेशंटमध्ये ती हुकते. अँटिजेन टेस्ट त्या कवचाचे पाण्यात किंवा रक्तात उतरलेले अंश पकडते, म्हणून फारशी चुकत नाही. सीबीनॅटमध्ये पण टीबी सापडला नाही. तरी टीबीच्या गोळ्या सुरू कराव्या का यावर राउंडला चर्चा झाली, कारण हातात काहीच नव्हतं. शनिवारी रात्री मामा म्हणाला, "बाबू, मला तू दोन दिसतोस रे." मी हसलो आणि बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

रविवारी दुसऱ्या युनिटच्या ड्युटीवरच्या एक तरुण डॉक्टर आल्या, केसपेपर चाळला आणि मला म्हणाल्या, "रक्तावर का नाही केली? ही रक्तावर पण होते." म्हणजे मी चार दिवस त्या पाण्याच्या बल्बचा जप करतोय आणि साध्या रक्तावर, कुठल्याही मोठ्या प्रायव्हेट लॅबमध्ये ती होऊ शकत होती! त्यांनीच सांगितलं की टेस्ट म्हणजे प्रेग्नन्सीच्या पट्टीसारखी पट्टी आहे, थेंब टाकायचा, दहा मिनिटं थांबायचं, दोन रेघा आल्या की पॉझिटिव्ह. फ्रीज नको, मोठं मशीन नको. आफ्रिकेत, जिथे लॅबच नाहीत अशा दवाखान्यांत ती वापरतात, आणि आम्ही मुंबईत एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात बसून सोमवारची वाट बघतोय.

सोमवार, 18 ऑगस्ट, धो धो पाऊस, टॅक्सीवाला दादर टीटीच्या पुढे यायलाच तयार नाही. रक्ताचा बल्ब प्लास्टिकमध्ये गुंडाळून शर्टाच्या आत घालून प्रायव्हेट लॅबपर्यंत उरलेलं चालत गेलो. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट : पॉझिटिव्ह. खरं सांगू, मला रडू नाही आलं, हायसं वाटलं. निदान शत्रूचं नाव तरी कळलं. क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस.

त्यानंतर सगळं पटापट. त्याच रात्री परत मणक्यातलं पाणी काढलं, यावेळी प्रेशर मोजून. मोजायची काचेची नळी वॉर्डात नव्हती म्हणून डॉक्टरांनी सलाईनची नळी उभी धरली आणि माझ्याकडून मोजपट्टी मागवली. 36 सेंटिमीटर. 20 च्या वर गेलं की जास्तच. बरंचसं पाणी काढून टाकल्यावर अर्ध्या तासात मामाने चहा मागितला. हे पाणी पुढे अजून तीनदा काढावं लागलं आणि दर वेळी नातेवाईक घाबरवतात की पाठीत सुई म्हणजे कमरेतून गेला. असं काही नसतं, या आजारात पाणी काढणं हा औषधाइतकाच मोठा उपचार आहे, नाही म्हणू नका.

बुरशीवरचं औषध अॅम्फोटेरिसिन, लिपोसोमलवालं, सलाईनमधून, सोबत बुरशीवरचंच फ्लुकोनॅझोल. थंडी वाजते, पोटॅशियम खाली जातं, किडनीसाठी सारखं रक्त तपासतात. 2022 मध्ये आफ्रिकेतल्या पाच देशांतला अभ्यास आला, त्यात अॅम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, एवढ्यावर काम भागलं. डब्ल्यूएचओने पण त्याच वर्षी तेच पुढे केलं. पण फ्लुसायटोसिन मला पाच केमिस्टकडे फिरून मिळालं नाही. त्यामुळे आमचं जुन्या पद्धतीने, दोन आठवडे रोज सलाईन.

अरे हो, कबुतरं. तेव्हा दादरच्या कबुतरखान्यावरून राडा चालू होता, त्यामुळे सगळ्या नातेवाइकांनी निकाल लावला की मामाच्या खिडकीतल्या कबुतरांनीच केलं. ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत असते हे खरं, पण डॉक्टर म्हणाले श्वासातून ती पुष्कळ लोकांच्या आत कधीतरी जाऊन गप्प बसते, प्रतिकारशक्ती पडली की उठते. आणि माणसाकडून माणसाला लागत नाही. हे मी त्या पाण्याच्या बाटलीवाल्या बाईंना मुद्दाम ऐकू जाईल असं सांगितलं.

फॉर्मवर पूर्ण नाव लिहून घ्या, क्रिप्टोकॉकल अँटिजेन, शॉर्टमध्ये नको. शिक्का आधी, मग लाइन. फॉर्मची झेरॉक्स ठेवा. आणि हे खरं तर वर लिहायला हवं होतं : कोणी गोळ्या सोडून परत एआरटी सेंटरला जात असेल तर सीडी-फोर मागा, आणि तो 100 च्या खाली असेल तर डोकं दुखत नसलं तरी त्याच रक्तात ही टेस्ट मागा, कारण त्रास सुरू व्हायच्या कित्येक आठवडे आधी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. डब्ल्यूएचओ तर 200 च्या खाली पण करावी म्हणते. सेंटरचं काही अडलं तर 1097 हा नॅकोचा, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेचा, फुकट नंबर आहे.

एक गोष्ट मला अजिबात पटत नव्हती, ती म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या लगेच सुरू केल्या नाहीत. मी काउन्सेलर मॅडमशी भांडलो. त्या म्हणाल्या, बुरशी थोडी आटोक्यात यायच्या आधी प्रतिकारशक्ती एकदम उठली तर मेंदूत सूज येऊन जिवावर बेतू शकतं, चार ते सहा आठवडे थांबायचंच. पाच आठवड्यांनी सुरू केल्या.

मामा आता भांडुपला आमच्याकडेच आहे, फ्लुकोनॅझोल चालू आहे, किमान वर्षभर चालेल. दर महिन्याला मला विचारतो, "बाबू, ती पट्टीवाली परत करून बघूया का, गेलं की नाय ते?" डॉक्टरांनी सांगितलंय की बरं झाल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह येत राहते, म्हणून परत करण्यात अर्थ नाही. त्याला पटत नाही. मी म्हणतो, पटो न पटो, त्या खिडकीवर मी काय जात नाही.